साथीला इंजिन

आमच्या घरात एक गवई राहतो हे मला लग्नानंतर चोवीस वर्षांनी कळलं, आणि तेही गाणं बंद पडल्यावर. बाकीच्या बायकांना नवऱ्याची दारू कळते, पत्ते कळतात. त्या मानानं माझं बरंच म्हणायचं. पण शेजारच्या तापीबाईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, "दारू तं सकायले उतरस वं. गानं काय उतरस?"

हे आमच्या गावच्या जिनमध्ये इंजिनमास्तर. शहाद्याहून एसटीनं अर्धा तास आलं की आधी जिनचं धुराडं दिसतं, मग गाव. कापसातून सरकी काढणारी दहा यंत्रं एका लांब दांड्यावर, आणि तो दांडा फिरवणारं बावीस हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन. त्या इंजिनाशेजारी हे अठरा वर्षं उभे राहिले. कापूस संपला की शेठ त्याच इंजिनावर भुईमुगाच्या शेंगा फोडायचे, त्यामुळे पावसाळ्यातही सुटका नाही. तिथे बोलायचं तर पोटातून ओरडावं लागतं, आणि घरी येताना पोट काही जिनमध्ये ठेवून येता येत नाही. हे जेवताना "मीठ" म्हणाले की मी उठायच्या आत तापीबाई भिंतीवरून मिठाची वाटी पुढे करायच्या. आमच्या घरात गुपित असं कधी राहिलंच नाही. निदान माझी तशी समजूत होती.

यांच्या एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता. सकाळी उंबऱ्यावर मी आठ-दहा जिनसा सांगायची. मीठ, सुई, रॉकेलची वात, गूळ, रिठे. हे लिहून घ्यायचे नाहीत, मान हलवून निघायचे. आणि संध्याकाळी सगळं बरोबर हजर. अठरा वर्षांत एक सुई चुकली नाही. आमच्या लेकीच्या, रंजनाच्या लग्नात बस्त्याची आख्खी यादी हे तोंडपाठ घेऊन गेले आणि तिचं नऊवारी लुगडंसुद्धा विसरले नाहीत. मी चार बायकांत सांगायची, आमच्यांचं डोकं म्हणजे लोखंडी पेटी.

मग चौसष्टच्या दिवाळीला गावात वीज आली. शेठनी विजेची मोटर बसवली. इंजिन नवापूरच्या एका माणसानं घेतलं आणि ट्रकात घालून नेलं. मोटर कशी, तर मांजर चुलीपाशी निजल्यावर करतं तेवढाच आवाज. सगळे खूश. हे त्या दिवशी घरी आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "आज सूर लागना नही."

"कसाना सूर?"

"गानाना."

"कोन गास?"

"मीच. आखो कोन गाई?" आणि भाकरी अर्धी ठेवून उठले.

मी दुसऱ्या दिवशी जिनमध्ये कापूस ओढणाऱ्या वीरसिंगला गाठलं. तो म्हणाला, "भाईदासभाऊनं तोंड हालतांना आम्ही रोज देखूत. आम्हाले वाटे तमाखू चाई ऱ्हायना." म्हणजे हा माणूस अठरा वर्षं रोज आठ तास गात होता आणि ते एका जिवंत माणसाच्या कानावर पडलेलं नव्हतं. अशी गाण्याची कारकीर्द दुसऱ्या कुणाची असेल असं मला वाटत नाही. असली तरी कळणार कशी?

तेव्हापासून घराचं तंत्र बिघडलं. हे हळू बोलायला लागले. माणूस हळू बोलायला लागला की बायकोला बरं वाटावं, पण मला धडकीच भरली. जेवण अर्ध्यावर आलं. संध्याकाळी ओट्यावर बसून नवापूरच्या दिशेनं बघत राहायचे. आणि लोखंडी पेटीचं कुलूप तुटलं. मीठ सांगितलं तर काड्यापेटी आली. सुई सांगितली तर लाटणं आलं. गूळ सांगितला तर पुन्हा लाटणं आलं. तिसरं लाटणं आलं तेव्हा मी ते आधीच्या दोन लाटण्यांशेजारी ठेवलं. तेवढ्यात तापीबाई भिंतीवरून डोकावल्या.

"रंजनानी माय, आठ दिन व्हई गयात, भाऊनी मीठ मांगं नही. तब्येत बरी शे ना?"

मग सल्ले सुरू झाले. तापीबाईंनी मिरच्या उतरवल्या. कुणी म्हणालं डोळे तपासा, कुणी म्हणालं दात. एक बाई लांबून एवढंच सांगायला आल्या की त्यांचे मामा असेच गप्प झाले होते आणि पुढे सहा महिन्यांत आटोपले. त्यांना मी चहा दिला. देणं भाग होतं.

मला एवढंच कळत होतं की या माणसाला गायला मिळालं नाही तर हा असाच रोज थोडा थोडा कमी होत जाईल, आणि एक दिवस ओट्यावर नुसती टोपी उरेल.

आता माझी विद्या सांगते. मी शाळेत गेलेली नाही. किराणाच्या पुड्या सोडून त्यांचे कागद वाचत मी शिकले. त्यामुळे माझं ज्ञान थोडं अर्धवट आणि बरंचसं तेलकट आहे. पण त्यातच एक दिवस हिंगाच्या पुडीवर वाचलं: "तालुका लोकगीत मेळावा. इच्छुक गायकांनी विहित नमुन्यात अर्ज." पुढचा कोपरा फाटलेला होता. मी इच्छुक नव्हते, पण गायक माझ्या ओट्यावर बसलेला होता. यांना न विचारता मी एसटीत बसून शहाद्याला गेले. पुढचं सगळं माझंच केलेलं आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

मेळाव्याच्या टेबलाशी रूपचंद होता. रूपचंद आमच्याच गल्लीतला, माझ्या हातचे लाडू खाऊन वाढलेला. पण खुर्चीत बसला की तो मला ओळखत नाही आणि त्याची भाषासुद्धा पुस्तकी होते.

"गायकाचे नाव सांगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "लिखी देस."

"तोंडी सांगावे लागते. नियम आहे."

आता नवऱ्याचं नाव मी तोंडानं कसं घेणार? आमच्याकडे ते उखाण्यात एकदा घेतात, लग्नात, आणि मग ठेवून देतात. मी म्हटलं, "पहिलं अर्धं म्हंजे भाऊ. दुसरं अर्धं म्हंजे चाकर." रूपचंदनं पेन खाली ठेवलं. त्याला नाव पाठ होतं, लहानपणी यांच्याच खांद्यावर बसून त्यानं आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, बाजार बघितला होता. पण नियम म्हणजे नियम. मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले. एकजण म्हणाला, "रामसेवक?" दुसरा म्हणाला, "बंधू हवालदार." एक म्हातारबुवा चिडून म्हणाले, हे लोकगीत आहे की कोडं, आणि त्यांनाही मग राहवेना, तेही ओळखायला लागले. दहा मिनिटांनी भोपळ्याची फुंकायची पावरी घेऊन आलेल्या डोंगराकडच्या एका माणसानं शांतपणे म्हटलं, "भाईदास." मी मान डोलावली. सगळ्या वऱ्हांड्याला बरं वाटलं.

खाली "अर्जदाराचे नाव" अशी ओळ होती. तिथे मी स्वतःचं नाव लिहिलं: फुलवंता. ते नाव वापरातून गेलेलं होतं. गल्लीत मी रंजनाची माय, बाहेर जिजी, आणि यांच्या तोंडी चोवीस वर्षं नुसती "अवं". सासूबाई वारल्यावर ते नाव कुणी उच्चारल्याचं मला आठवेना. रूपचंदनं वाचलं आणि परका माणूस बघावा तसं माझ्याकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं.

"साथीची वाद्ये?"

छापील यादी होती: ढोल, डफ, पावरी, टाळ, इतर. मी "इतर"पुढे लिहिलं, इंजिन.

"इतरमध्ये इंजिन बसत नाही."

"मंग इतरमा काय बसस?"

"संबळ." मग त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि खुर्चीत असतानाच घरच्या भाषेत म्हणाला, "जिजी, इंजिन लिखशीन तं डिझेलना परवाना मांगतीन, यंत्रना दाखला मांगतीन, आनि साहेब मन्हावर कागद काढी. कोरं ऱ्हाऊ द्या. साथ मांगून कयवा." मी कोरं ठेवलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अनुक्रमांक सतरा, वेळ दहा मिनिटं, साथीचे वाद्य दाखल्यासह कळवावे, दोन प्रतींत. यांनी पत्र वाचलं. मला वाटलं रागावतील. हे पत्राची घडी घालत म्हणाले, "शब्द ऐकू येतीन का लोकेस्ले?"

मी उत्साहानं सांगितलं की लाउडस्पीकर आहे, शब्द न् शब्द थेट तापी नदीच्या पाण्यापर्यंत ऐकू जाईल, काळजी करू नका. यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आनंदानं.

"साथ जोरदार पाहिजे," हे म्हणाले. "मन्हाथून जोरदार."

त्या दिवसापासून तालीम. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि सुरू करायचे:

मीठ सरनं, तेल सरनं...

एवढं म्हणून खोकायचे. मग दाराकडे बघायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा नेमक्या त्याच जागी खोकला. आवाज म्हणाल तर, रिकाम्या हौदात कुणी घमेलं टाकावं तसा. खरं सांगते, मला गाण्याच्या शब्दांची जरा निराशा वाटली. अठरा वर्षं गायलेलं गाणं देवाचं असेल, निदान रामायणातलं काही असेल असं मी धरून चालले होते. हे किराणाचं निघालं.

"फुडे काय शे?" मी विचारलं.

"फुडलं साथ लागल्यावर."

साथ लागत नव्हती. जातं ओढून पाहिलं, यांना ते पुरेना. तापीबाईंनी सुचवलं की हिलालच्या पिठाच्या गिरणीत जा, तिथे अजून ऑइल इंजिनच आहे. पाच हॉर्सपॉवरचं, पण आहे. हे गेले. मी बाहेर उभी राहिले. आतून नुसतं पुकपुक ऐकू येत होतं. अर्ध्या तासानं हे बाहेर आले ते पिठानं पांढरे आणि चेहऱ्यावर हसू. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या, आणि गूळ सांगितला तर गूळच आला. माझा जीव भांड्यात पडला. पण हिलाल संध्याकाळी घरी आला. मास्तर तोंड उघडून काय करतायत हे बघण्याच्या नादात त्यानं तापीबाईंचे गहू दुसऱ्या कुणाच्या बाजरीवर ओतले होते आणि आता दोन घरांत पोळीही होत नव्हती न् भाकरीही. तो हात जोडून म्हणाला, "जिजी, मन्ही गिऱ्हाईकं जातीन." शिवाय गिरणी उचलून मेळाव्याला नेता येत नाही, ही अडचण होतीच.

तेव्हा मला फळीवरची थाळी आठवली.

ती थाळी सासूबाईंची. जाड पितळेची, काठाला नक्षी. आमच्याकडे मुलगा झाला की दारात थाळी वाजवतात. आवाज ऐकला की गल्ली गूळ घेऊन येते. सासूबाईंनी ती रंजनाच्या वेळी घासूनपुसून तयार ठेवली होती. रंजना झाली. त्यांनी थाळी परत फळीवर ठेवली. पुढे काही झालंच नाही, आणि थाळी तशीच राहिली, एकदाही न वाजता. दर दिवाळीला मी ती चिंच लावून घासायची आणि परत ठेवायची.

एका रविवारी सकाळी मी ती खाली काढली, दुसरं लाटणं घेतलं आणि यांनी हातानं दाखवलेल्या इंजिनाच्या ठेक्यावर ठोकायला लागले. ठण-ठण-ठणाठण. पितळ इतक्या वर्षांचं साठवलेलं बोलत होतं. यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. आणि दार धाडकन उघडलं.

तापीबाई. हातात गुळाचा खडा, मागे पाच बायका, त्यांच्या मागे आणखी सात. तापीबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी थोडी अंगानं भरलेली आहे, नाही म्हणत नाही.

"रंजनानी माय," त्या हळूच म्हणाल्या, "आंडोर व्हयना? इतला दिन लपाडी ठेवं? माले बी सांगं नही?"

"तापीबाई, माले बेचायीसावं लागनं."

"देवना घर मा वय नही देखतस वं." आणि त्यांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला.

तोंडात गूळ असताना खुलासा करणं फार अवघड असतं. एवढ्यात एक बाई आत जाऊन पाळणा शोधून आली. दुसरीनं यांना "बाप व्हयनात, भाऊ" म्हणून टिळा लावला. हे भिंतीला टेकून उभे, डोळे अजून अर्धे मिटलेले, गाणं घशात अडकलेलं. मी गूळ गिळला आणि सांगितलं, बाळ नाही, गाणं आहे.

मला इतकं ओशाळं वाटलं, जणू मी कुणाला फसवलं. तापीबाई थाळीकडे बघत होत्या. ही थाळी कोणती ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरात चारदा थाळी वाजली आहे, त्यांच्या थाळीला चार पोचे आहेत. त्यांनी पदर खोचला.

"थायी एकली वाजनी तं नाट लागस," त्या म्हणाल्या. आमच्या बोलीत ळ टिकत नाही, थाळीची थायी होते. "पन समद्यास्नी वाजाडी तं ते वाद्य व्हई जास. कितला वाजता जानं शे मेयावाले?"

अशी साथ ठरली. थाळ्या अठ्ठावीस. काहींच्या घरी थाळी नव्हती त्यांनी परात आणली, एकीनं घंगाळ. वादक सगळ्या लेकुरवाळ्या, मनगटात जोर असलेल्या. हे तालमीला येऊन ऐकून गेले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "हां. आते इंजिनना जवय गया."

दाखला उरला होता. तलाठी म्हणाले, मी जमिनीचा दाखला देतो, माणूस जिवंत असल्याचा देतो, थाळी वाद्य असल्याचा देत नाही. शेवटी शाळेच्या हेडमास्तरांनी लिहून दिलं: "सदर थाळी मी समक्ष ऐकली असून ती वाजते." खाली शिक्का. दोन प्रतींत. रूपचंदनं तो कागद दोनदा वाचला, फाइलला लावला आणि खुर्चीतून उठून बाहेर जाऊन हसला. उठल्याशिवाय तो हसत नाही.

मेळावा शहाद्याच्या शाळेच्या पटांगणात, दुपारी तीनला. स्टेजवर मोठे साहेब. नवीनच बदलून आलेले, पुण्याकडचे, पन्नाशीचे, आणि शेजारी त्यांच्या बाईसाहेब, सडपातळ, हातात पंखा. बांबूवर दोन भोंगे बांधलेले, एकाचं तोंड गावाकडे आणि एकाचं शेतांकडे. ढोल झाले, पावरी झाली. डोंगराकडच्या त्या माणसानं इतकी गोड पावरी वाजवली की मला वाटलं आता आपण घरी जावं. तेवढ्यात रूपचंद म्हणाला, "अनुक्रमांक सतरा."

हे मधोमध मायक्रोफोनपाशी उभे राहिले. मी एका हाताच्या अंतरावर, कारण ठेका मला द्यायचा होता. मागे अठ्ठावीस थाळ्या. यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी लाटणं उचललं.

तो आवाज कसा सांगू? पहिल्या रांगेतली पोरं कानावर हात ठेवून पळाली. साहेबांच्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास टेबलावरून आपला आपण चालायला लागला. आणि त्या सगळ्या पितळेच्या आत, ज्वारीच्या उभ्या ताटांत वारा शिरावा तसा यांचा आवाज शिरला. तोंड हललं. खोकला आला नाही. हातभर अंतरावर मी होते म्हणून मला ऐकू आलं, दुसऱ्या कुणाला येणं शक्य नव्हतं:

मीठ सरनं, तेल सरनं,
फुलवंता, काय आनू वं?
सुई तुटनी, दोरा सरना,
फुलवंता, काय आनू वं?

माझं लाटणं चुकलं. मी सावरलं. मला वाटलं कानात पितळ शिरलंय. पण पुढच्या ओळीत रिठे आले, वात आली, रंजनाचं लुगडं आलं, आणि प्रत्येक ओळीमागे ते नाव. शेवटचा "वं" हे असा लांबवत होते की त्यात इंजिनाचा अख्खा फेरा बसावा. अठरा वर्षं रोज आठ तास. जे नाव घरात तोंडातून निघत नव्हतं ते हा माणूस जिनमध्ये जाऊन घेत होता, कारण तिथे ते कुणाला ऐकू येत नव्हतं. इंजिन यांना सुरासाठी नको होतं. आडोशाला हवं होतं.

इथेच हे संपलं असतं तर बरं झालं असतं. आमचं कधीच तिथे संपत नाही.

दुसऱ्या भोंग्याचं तोंड शेतांकडे होतं हे मी सांगितलंच. कापूस वेचणाऱ्या बायामाणसांनी थाळ्या ऐकल्या. एक नाही, दोन नाही, अठ्ठावीस. त्यांनी हिशेब केला की एवढ्या थाळ्या वाजतात म्हणजे बाळ लहानसहान माणसाचं नाही. गावात नवीन मोठं माणूस एकच. रस्त्यावरच्या दुकानातून गूळ घेऊन पन्नास-साठ लोक पटांगणात शिरले आणि सरळ स्टेजवर चढले. एका म्हाताऱ्या बाईनं साहेबांच्या तोंडात गूळ घातला आणि दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली.

"आंडोर व्हयना, साहेब. औक्ष मोठं व्हवो."

साहेब बाईसाहेबांकडे बघायला लागले. बाईसाहेब सडपातळ, पंखा हलवत, साहेबांकडे बघायला लागल्या. बाळ त्यांचं नव्हतं हे तर दिसतच होतं. मग प्रश्न एकच उरत होता, आणि तो त्यांनी डोळ्यांनी विचारला. साहेब घाईनं उठले आणि त्यांनी हात वर केला.

मोठा माणूस उठला म्हणून बायका चांगल्या संस्काराच्या, एका क्षणात थांबल्या. अठ्ठावीस थाळ्या बंद. मीसुद्धा थांबले. हे मात्र डोळे मिटून होते. इंजिनवर शिकलेला गळा, तो पट्टा उतरल्यावरही दोन फेरे फिरतोच.

"फुलवंता, काय आनू वं?"

दोन भोंग्यांतून. पटांगणावर, गावावर, कापसावर. तापी नदीपर्यंत गेलं असणार, मीच तसा शब्द दिला होता. मग सुईची ओळ, आणि आणखी एकदा, "फुलवंता," आणि मग यांनी डोळे उघडले.

इतकी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. यांनी मायक्रोफोनकडे बघितलं, जणू त्यानंच चहाडी केली. कुठे जावं ते मला समजेना. मी थाळी तोंडासमोर धरली.

साहेबांना विषय बदलायचाच होता. ते गुळाचा घास सावरत म्हणाले, "छान. ही फुलवंता कोण?"

रूपचंदनं फाइल उघडली, मायक्रोफोन जवळ ओढला आणि वाचलं, "सौ. फुलवंता भाईदास पाटील. अर्जदार." जरा थांबून म्हणाला, "दोन प्रतींत."

मग काय हशा झाला तो मी लिहीत नाही. बाईसाहेब एकट्या हसल्या नाहीत. त्यांनी पंखा खाली ठेवला, मला जवळ बोलावलं आणि त्यांच्या वाट्याचा गूळ माझ्या हातावर ठेवला. का ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या साहेबांना त्यांचं नाव माहीत होतं की नाही कुणास ठाऊक.

बक्षीस पावरीवाल्याला मिळालं, आणि योग्यच झालं. परत येताना हे एसटीत सगळ्यात पुढे बसले आणि मी सगळ्यात मागे, मधे अठ्ठावीस बायका आणि त्यांच्या थाळ्या. प्रत्येक खड्ड्याला सगळी साथ वाजत होती. गल्लीत उतरल्यावर हे दहा पावलं पुढे चालत गेले, मान खाली. घरी पाटावर बसले. मी भाकरी वाढली. भाजीत मीठ घालायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

"मीठ," हे म्हणाले. पूर्वीच्याच आवाजात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं असेल.

भिंतीवरून वाटी आली नाही. पलीकडून तापीबाईंचा आवाज आला, "फुलवंताले मांगा."

यांनी पूर्ण भाकरी तशीच अळणी भाजीशी खाल्ली. आणखी एक मागितली.

त्याला आता वर्ष होत आलं. घरात मी पुन्हा "अवं" झाले आहे, आणि तेच बरं. पण गल्लीतल्या पोरीसुद्धा आता मला फुलवंताकाकू म्हणतात. संदुकीत ठेवलेलं लुगडं अचानक रोज नेसायला लागावं तसं वाटतं, अजून नीट अंगाला बसलेलं नाही. हे दर रविवारी हिलालच्या गिरणीत दळण घेऊन जातात. आम्ही दोघंच आहोत, एवढं पीठ लागत नाही, पण मी दळण काढून देते. जिनसा पुन्हा बरोबर येतात. हिलालनं पट्ट्याजवळ यांच्यासाठी एक स्टूल ठेवलंय आणि तो स्वतः त्या वेळी पाठ करून उभा राहतो, गव्हावर लक्ष ठेवून.

परवा हे शहाद्याला गेले होते, म्हणून ज्वारी घेऊन मीच गेले. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गिरणी जोरात चालू होती, जमीन पायाखाली थरथरत होती. स्टूल रिकामं होतं. मी त्यावर बसले, पदर तोंडावर ओढला, आणि पंचवीस वर्षांपूर्वी उखाण्यात एकदा घेऊन ठेवून दिलेलं ते नाव बाहेर काढून पाहिलं. आधी हळू. मग जरा मोठ्यानं. चांगलं लांबवता येतं ते, मधल्या "ई"वर.

हिलालनं मागे वळून कानाला हात लावला. "काय म्हनी ऱ्हायनी, जिजी?"

"काही नही रे," मी ओरडून सांगितलं. "बारीक दयजो, म्हनं."